पेलेट शेगडी, नऊ महिन्यांनंतर: जाळ झकास, राखेचा ट्रे दरिद्री

शेगडीचा तिसरा ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, वितळला, म्हणून हे लिहायला घेतलं. पेलेट म्हणजे भुसा किंवा काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्या. कंपनीचा माणूस म्हणतो पेलेट भिकार, पेलेटवाला म्हणतो शेगडी भिकार. नऊ महिन्यांच्या वापरानंतर माझं म्हणणं असं की दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतात, आणि उरलेलं खरं त्या सव्वा इंची राखेच्या ट्रेमध्ये आहे. त्याबद्दल दोघंही ब्र काढत नाहीत.

शेगडी नेहमीचीच. सिंगल बर्नर, आतून फायर ब्रिक (धग सोसणारी वीट) लावलेली दहा इंची भट्टी, बाजूला पेलेट ओतायचा हॉपर, १२ व्होल्टचा ब्लोअर, रेग्युलेटरचं बटण. काम कडक भाकरीचं आणि चटणीच्या शेंगा भाजायचं. रोज सहा तास, गड्ड्याच्या (सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत दहा. पेलेट ताशी अडीच किलोच्या आसपास लागतात. बाकी माहितीपत्रकात लिहिलंय ते बहुतेक खरं आहे, एवढं कबूल.

आता ट्रे. लांबी दहा इंच, रुंदी नऊ, खोली सव्वा. म्हणजे काठोकाठ भरला तरी पावणेदोन लिटरच्या जरा वर. सहा तासांत पंधरा किलो पेलेट जळतात. लाकडाच्या भुशाचे चांगले पेलेट असतील तर राख दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे तीनशे ग्रॅम, साधारण पाऊण लिटर. ट्रे हसतखेळत पुरतो. पण आपल्याकडे स्वस्तात मिळतात ते शेंगांच्या टरफलांचे, सोयाबीनच्या भुसकटाचे, नाहीतर चिपाड आणि तुराट्या मिसळलेले. त्यांची राख पाच-सहा टक्के धरून चाला. म्हणजे नऊशे ग्रॅमपर्यंत, सव्वादोन लिटर. पाळी संपायच्या आधीच ट्रे ओसंडतो. ज्याने हा ट्रे काढला त्याच्या डोक्यात भुशाचे पेलेट होते, आणि विकणारा मात्र सांगतो, ‘काहीही टाका, जळतंय.’ जळतंय, पण राख कुठं जायची?

नुसता ओसंडला असता तरी चाललं असतं. घोळ असा की ब्लोअरची नळी त्याच कप्प्यात उघडते, ट्रेच्या काठाच्या थोडी वर. राखेचा ढीग नळीच्या तोंडाशी आला की खालची हवा अडते. पेलेट ज्या जाळीवर जळतात तिला खालची हवाच गार ठेवत असते. ती कमी झाली की सहा मिलिमीटरची साधी लोखंडी जाळी लालबुंद होते, पापुद्रे सुटतात आणि मधोमध बशीसारखी खचते. मग भोकं रुंदावतात, अर्धवट जळलेले निखारे ट्रेमध्ये गळतात, आणि तेच निखारे थेट ब्लोअरच्या नळीसमोर धगधगत बसतात. पंखा प्लास्टिकचा. पुढचं सांगायला नको.

पहिले तीन महिने मीही सगळा दोष पेलेटला देत होतो. जाळीवर खंगर धरायचा, वीटभट्टीतल्या जळक्या विटेसारखा, काचेसारखा चकाकणारा, तळहाताएवढा. हे पेलेटमुळेच होतं, त्यात वाद नाही. शेतातल्या काडीकचऱ्यात पोटॅश जास्त, त्याला वाळू-मातीची जोड मिळाली की राख कमी तापमानाला वितळते आणि गार झाली की दगड होते. टरफलाला माती चिकटलेली असतेच, पाचटात तर जास्तच. पण ब्लोअर फुल ठेवला की खंगर झपाट्याने धरतो, हे उशिरा कळलं. हवा जास्त, भट्टी जास्त तापते, राख वितळते. बटण निम्म्याच्या जरा पुढे ठेवलं तर त्याच पोत्यातल्या पेलेटचा खंगर निम्म्याहून कमी. म्हणून आधीच्या मतात दुरुस्ती: खंगराचा दोष पेलेटचा सहा आणे, बटण पिळणाऱ्या हाताचा दहा आणे.

सळईबद्दल एक. बरेच जण वरून खाली खुपसून ढवळतात. तसं केलं की खालची राख मधल्या धगीत मिसळते आणि खंगर आणखी धरतो. सळई बाजूने, जाळीला लागून आडवी घाला, दोनदा हलवा, बाहेर काढा. पाऊण तासाने एकदा पुरे. धरलेला खंगर गरम असताना ठोकू नका, फायर ब्रिकचा कोपरा उडतो. रात्री गार झाल्यावर उलथन्याच्या टोकाने उचकटला की अख्खा निघतो. आणि गरम भट्टीवर पाणी मारायची हौस असेल तर विटा आधीच आणून ठेवा.

पेलेट घेताना तीन गोष्टी बघाव्यात. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दहा पेलेट टाका. तळाशी बसले तर दाब चांगला, तरंगले तर पोकळ. विरघळल्यावर ढवळून पाच मिनिटं ठेवा. खाली चिकट गाळाचा थर दिसला तर पैसे मातीचे देताय. दुसरं, लांबी. चार सेंटिमीटरहून लांब तुकडे हॉपरच्या गळ्यात आडवे पडून पूल बांधतात. वरून हॉपर भरलेला दिसतो, खाली जाळ मरतो, आणि तवा निवला की मग लक्षात येतं. तिसरं, राखेची परीक्षा. साफ जाळीवर बरोबर एक किलो पेलेट पूर्ण जाळा, रात्रभर निवू द्या, सकाळी जाळीवरची आणि ट्रेमधली राख किचनच्या काट्यावर वजन करा. वीस ग्रॅम आली तर दोन टक्के, साठ आली तर सहा. पोत्यावर काय छापलंय याच्याशी देणंघेणं नाही.

पोत्याच्या तळाची भुकटी भट्टीत ओतू नका. ती जाळीची भोकं बुजवते किंवा हवेबरोबर उडून ठिणग्या होते. गव्हाच्या चाळणीने चाळून भुकटी वेगळी काढायची, शेगडी पेटवताना थोडी थोडी वापरायची. सोलापुरात पाऊस तो किती, म्हणून पोती फरशीवर टाकली तर फसाल. फरशीची ओल पुरते. पेलेट फुगतो, बोटाने दाबला की भुगा. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, उघडलेल्या पोत्याचं तोंड बांधून. चांगला पेलेट मोडताना टक्कन आवाज येतो, ओल धरलेला नुसता वाकून तुटतो.

पेटवायची पद्धत: जाळीवर ओंजळभर पेलेट, वर मूठभर सुकी टरफलं, त्यावर दोन चमचे तळणीचं उरलेलं तेल. ब्लोअर बंद ठेवून काडी लावा. दोन मिनिटांनी ब्लोअर अगदी हळू, जाळ धरला की वाढवा. पाच-सहा मिनिटांत धूर संपायला हवा. त्यानंतरही पांढरा धूर येत असेल तर पेलेट ओला किंवा हवा कमी. काळा येत असेल तर माल जास्त आणि वरच्या कड्याची भोकं काजळीने बुजलेली. ती भोकं आठवड्यातून एकदा खिळ्याने मोकळी करा. धूर जळतो तो तिथल्या हवेवर, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

बंद करताना मात्र निम्मे लोक चुकतात. काम संपलं, बटण बंद, घरी. जाळीवर अजून अर्धा किलो निखारा असतो, हवा थांबलेली, धग नळीतून मागे सरकते आणि पंख्याची पाती मऊ होतात. हॉपर आधी रिकामा होऊ द्या, मग ब्लोअर मंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चालू राहू द्या. नळीला हात लावून बघा, कोमट झाली की बंद. वीज गेली तर? ब्लोअर जेमतेम बारा वॅटचा असतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी जोडली की तीन-चार तास सहज निघतात. शिवाय नळीच्या तोंडाशी दीड मिलिमीटर पत्र्याची सरकती झडप लावून घ्या; ब्लोअर थांबला की खाली पाडायची. फॅब्रिकेशनवाला अर्ध्या तासात करून देतो, कंपनीला मात्र ते सुचलेलं नाही.

सर्व्हिसबद्दल फार लिहीत नाही, रक्त आटतं. वॉरंटी एक वर्षाची. जाळी? कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारा माल. ब्लोअर? वापरातली चूक. फायर ब्रिक? कन्झ्युमेबल. रेग्युलेटर? व्होल्टेजमुळे. मग वॉरंटी कशाची, चार पायांची? दर वेळी ‘फोटो पाठवा’ आणि आठ दिवसांनी सुट्या भागाच्या किमतीचा कागद. आपल्या गावाचं नशीब एवढंच की शहराच्या पूर्वभागात यंत्रमागाच्या जिवावर मोटारींचं वाइंडिंग करणारे, बुश-बेअरिंग बदलणारे पावलापावलावर आहेत. तुमच्या ब्लोअरमध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग असेल तर ते कुठेही मिळतं, बदलायला वेळ लागत नाही. पात्यांचा पंखा पत्र्याचा मिळाला तर तोच बसवा. फक्त जड पंख्याने मोटार तापत नाही ना, हे पहिल्या तासात हात लावून बघा.

जाळी कंपनीची घेऊ नका. बीडाची (ओतीव लोखंडाची), बारा मिलिमीटर जाड, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओतून मिळते. भोकं पेलेटच्या जाडीपेक्षा लहान हवीत: आठ मिलिमीटरच्या पेलेटला सहाचं भोक, खालून थोडं रुंद, म्हणजे राख अडकत नाही. आणि जाळीच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायला सांगा. तापली की ती फुगते. टाइट बसवली तर बीड तडकतं नाहीतर विटा ढकलते.

आता हिशेब, कारण ‘गॅसपेक्षा निम्मा खर्च’ हे ऐकूनच सगळे घेतात. १९ किलोच्या सिलिंडरमध्ये किलोला ११,००० किलोकॅलरी धरा, एकूण २,०९,०००. बर्नरने साठ टक्के भांड्याला दिल्या तर सव्वा लाख. पेलेटचा एक किलो ३,८०० चा, शेगडीने पस्तीस टक्के दिले तर १,३३०. भागाकार केला की एका सिलिंडरला ९४ किलो पेलेट. पेलेट तेरा रुपयांनी पडले तर १,२२२ रुपये. सिलिंडर १,८०० धरला तर वाचले पावणेसहाशे, म्हणजे तिसरा हिस्सा. निम्मा नाही. पेलेट १९ रुपयांवर गेला की बचत शून्य, आणि राख उपसायची मजुरी तुमच्या माथी. यात ब्लोअर आणि जाळ्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर माझ्या पहिल्या सहा महिन्यांची बचत चहापाण्यापुरती उरते. बीडाची जाळी बसवल्यापासून गणित जमायला लागलंय.

एवढी कुरकुर करूनही शेगडी विकायला काढलेली नाही, त्याचं कारण निखारा. हे कुठल्याही माहितीपत्रकात नाही. शेंगा भाजायला ही शेगडी ठीक आहे. पण मंद जाळावर ती रुसते. बटण फार खाली नेलं की धुरकट होते आणि धुराचा वास शेंगांत उतरतो. म्हणून शेंगांना मध्यम जाळ आणि जाड कढई. भाकरीचं मात्र उलट. मालदांडी ज्वारीच्या पिठाची भाकरी फुगायला जोराचा जाळ हवा, कडक व्हायला सावकाश कोरडी धग. हॉपर संपत आला की ज्वाळा खाली बसते आणि जाळीवर नुसता केशरी निखारा राहतो. धूर नाही, काजळी नाही. ब्लोअर अगदी मंद ठेवला तर वीस-पंचवीस मिनिटं एकसारखी धग मिळते. तेवढ्यात भट्टीभोवती उभ्या लावलेल्या भाकऱ्या काठापासून मध्यापर्यंत सारख्या कडक होतात, एकीलाही काळा डाग नाही. गॅसवर ही धग मिळत नाही. तिथं मध्य करपतो आणि काठ चिवट राहतो. म्हणजे ब्लोअर वाचवायला जो वेळ शेगडी चालू ठेवायची, त्याच वेळात शेवटचा घाणा उरकतो. फक्त खिडक्या-दारं उघडी हवीत. निखाऱ्याच्या वेळेलाच कार्बन मोनॉक्साइड जास्त सुटतो, आणि त्याला ना रंग ना वास. धूर दिसत नाही म्हणून दार लोटून घेण्याची चूक करू नका.

परत ट्रेवर येतो, कारण सोडवत नाही. उपाय तीन इंच खोल ट्रे. त्याच लांबी-रुंदीत तो चार लिटरच्या पुढे जातो आणि सहा टक्के राखेचे पेलेट असले तरी अख्खी पाळी निघते. दोन मिलिमीटरचा पत्रा, पुढे लाकडी मुठीचा दांडा (कंपनीच्या ट्रेला नुसती वाकवलेली कड आहे, तीही गरम), आणि मागची भिंत पुढच्यापेक्षा अर्धा इंच कमी, म्हणजे ओढताना ती नळीला अडकत नाही. पण ट्रे खोल केला की शेगडी पावणेदोन इंच उचलावी लागते. पाय वेल्डिंग करून वाढवले की तवाही तेवढाच वर जातो, आणि बसून भाकरी थापणाऱ्या बाईंचा खांदा दोन दिवसांत बोलायला लागतो. बसायच्या पाटाखाली दोन इंची फळी आणि परातीखाली तेवढाच ठोकळा, हे ट्रेबरोबरच सुताराला सांगून ठेवा.