कोलमन की व्हिटन?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधले जॉन कोलमन (एसेंडन क्लब) आणि टेड व्हिटन (फुट्सक्रे क्लब) यांची तुलना नुसत्या आकड्यांवर केली तर फसगत होते. कोलमन फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोल करणं हेच त्याचं काम: 98 सामन्यांत 537 गोल, सामन्याला जवळपास साडेपाच. 1949 च्या पदार्पणातच हॉथॉर्नविरुद्ध 12! पाठीमागून उंच उडी घेऊन बचावपटूच्या डोक्यावरून मार्क (किक मारलेला चेंडू हवेतच झेलणं) घ्यायचा आणि फ्री किकसारखी निवांत किक. धोका त्याच उडीत, कारण सगळा भार पडतो उतरताना गुडघ्यावर. 1954 मध्ये फिट्झरॉयविरुद्ध 14 गोल, पुढच्याच सामन्यात गुडघा निखळला. पंचविशीतच कारकीर्द आटोपली. त्याआधी 1951 मध्ये मारामारीबद्दल चार सामन्यांची बंदी आली, आणि त्याच्याविना एसेंडन अंतिम सामना 11 गुणांनी हरलं.

व्हिटनचे 321 सामन्यांत 360 गोल. कमी वाटतात ना? पण तो बचावाच्या मध्यापासून आक्रमणाच्या मध्यापर्यंत कुठेही खेळायचा, 1951 ते 1970. विजेतेपद मात्र एकच, 1954 चं. कोलमनची खेळाडू म्हणून दोन.

एक सामना जिंकायचा तर कोलमन. वीस हंगामांचा संघ उभारायचा तर व्हिटनच.