सोलापूरचा उन्हाळा आणि टाचांना लावलेलं भिरंडेल

मी एसटीत वाहक आहे, सोलापूर विभागात. नोकरीला १९ वर्षं झाली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडी बहुतेक भरलेलीच असते. बायका बाजाराला, दवाखान्याला, माहेराला मोकळेपणानं निघतात याचा मला आनंदच आहे. पण पहिल्या थांब्यापासून शेवटपर्यंत मी उभी असते. खाली पत्रा तापलेला, पुढं इंजिनाची धग. बूट घातले तर पाय उकडून निघतात, चपला घातल्या तर टाचा फाटतात. दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास माझ्या टाचांना भेगा पडायला लागतात आणि वैशाखात त्यातून रक्त येतं. फरशीवर टाच टेकली की जीव कळवळतो.

यंदा ठरवलं की पायांकडं नीट बघायचं. पाडव्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरच्या घरी जे जे करता आलं ते केलं. ज्यांचे पाय माझ्यासारखे दिवसभर उभे असतात, त्यांना उपयोग होईल म्हणून काय गुण आला आणि काय वाया गेलं ते लिहिते.

त्याआधी एक सांगते. मागच्या वर्षी याच दिवसांत मी एका पार्लरमध्ये ६५० रुपये देऊन पेडिक्युअर करून घेतलं होतं. तिथल्या मुलीनं टाचेची जाड कातडी ब्लेडनं तासली. तेव्हा पाय मऊ लागले, गुळगुळीत दिसले. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले तर डाव्या टाचेला आग सुटली. कातडी जास्त निघाली होती आणि त्यात धूळ गेली. पाय सुजला, इंजेक्शन घ्यावं लागलं, चार दिवस रजा गेली. तेव्हापासून टाचेला ब्लेड लावायचं नाही हे पक्कं ठरवलंय. कुणी कितीही सफाईनं करत असलं तरी नाही.

आता सगळ्यात जास्त गुण कशाचा आला ते आधी सांगते. भिरंडेल. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. कोकणात कुणी त्याला मुठेल म्हणतात, कारण गरम गरम असताना मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. गोळ्यावर बोटांचे वळ दिसतात. माझी एक मैत्रीण तिकडं कुडाळला असते, आम्ही प्रशिक्षणाला एकत्र होतो. फोनवर मी टाचांचं रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग भिरंडेल लाव ना! आमच्याकडं लहानपणापासून तेच लावतात." आणि तिनं गाडीतून दोन गोळे पाठवले. पाव किलोला १८० रुपये पडले.

रंग फिकट पिवळसर, वास जवळजवळ नाहीच. हातात घेतला तर मेणासारखा घट्ट. तिच्याकडून कळलं की आमसुलं करताना निघालेल्या बिया वाळवतात, फोडतात, कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर तरंगलेलं तेल काढून गार करतात. म्हणजे सोलं भाताबरोबर पोटात जातात आणि बीसुद्धा वाया जात नाही. मला हे फार आवडलं.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. कोकमाचं तेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं. कोकणात उन्हाळ्यातही ते गोळाच राहतं. आमच्याकडं वरती पत्रा आहे आणि बाहेर ४३. दुपारी घरी आले तर फळीवरच्या डबीत गोळा नाही, नुसतं तेल. घाबरून मैत्रिणीला फोन केला, वाटलं खराब झालं. तसं काही नव्हतं, रात्री ते परत घट्ट झालं. आता डबी माठाच्या तिवईखाली ओल्या वाळूशेजारी ठेवते, तिथं गोळा गोळाच राहतो.

लावायची पद्धत अशी. रात्री पाय धुतले की पुसून कोरडे ठक्क करायचे नाहीत. टाच दमट असतानाच लावायचं. लोखंडी पळीत नखाएवढा तुकडा घ्यायचा, गॅसवर क्षणभर धरायचा, वितळला की खाली उतरवायचा. आधी मनगटावर थेंब टाकून बघायचा. कोमट लागला तरच कापसाच्या वातीनं भेगेत सोडायचा. जुनी माणसं चटका बसेल इतकं गरम सोडायची असं मी ऐकलंय, तसं करू नका, भेगेतलं मांस उघडं असतं. तेल भेगेत जातं आणि तिथंच घट्ट होऊन बसतं. खोबरेल इथल्या उन्हाळ्यात दिवसभर पातळच असतं, ते चादरीला लागतं आणि टाच कोरडीच. भिरंडेलाचा हाच फायदा आहे. वरून जुने सुती मोजे घालून झोपायचं. लावून उठून चालू नका, फरशीवर पाय सटकतो.

चौथ्या दिवशी रक्त यायचं थांबलं. पंधरा दिवसांत भेगांच्या कडा मऊ पडल्या. तीन आठवड्यांनी डाव्या टाचेची मोठी भेग, जिच्यात पाच रुपयांच्या नाण्याची कड बसेल इतकी खोल होती ती, नुसती रेघ उरली. मी रोज रात्री लावलं, एक दिवसही चुकवलं नाही, मुक्कामी गाडी असली तरी डबी पिशवीत.

हे का होतं तेही समजून घेतलं. आमच्या इथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी नसतातच. हातापायावरच्या बाकीच्या कातडीला आतून थोडं तेल मिळतं, तळव्याला मिळत नाही. त्यात उघड्या चपलेत टाचेचं मांस दाबानं बाजूला पसरतं आणि वाळलेली कातडी तडकते. म्हणून बाहेरून काहीतरी घट्ट लावायचं आणि आतलं पाणी अडवायचं. दुकानात मिळणारी युरियाची क्रीम लावली तरी चालतं असंही त्या म्हणाल्या, भेगा खूप जुन्या असतील तर जास्त चांगलं.

पाय भिजवण्याबद्दल मात्र माझी समजूत चुकीची होती. मी आधी तासभर पाय बादलीत ठेवून बसायची, टीव्ही बघत. त्यानं पाय उलट जास्त कोरडे पडतात. आता दहा ते पंधरा मिनिटं, बस्स. पाणी गरम करायची गरजच नसते, मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणीच हाताला चटका देतं. त्यात माठातलं एक तांब्या मिसळते आणि मूठभर जाडं मीठ टाकते. मिठानं भेगा भरत नाहीत, पण दिवसभराचा ठणका उतरतो आणि बुटाचा वास जातो. भेगेतून रक्त येत असेल त्या दिवशी मीठ टाकायचं नाही, फार झोंबतं.

भिजवल्यावर वज्री, म्हणजे टाचा घासायची खरखरीत वस्तू. माझ्या आईकडं भाजलेल्या मातीची होती, दगडासारखी. मी मधल्या मारुतीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून पितळेची घेतली, ३२० रुपयांना, खाली बारीक खाचा आणि वर मूठ. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुन्या वज्र्या बघितल्या होत्या, त्यांवर केलेलं काम बघून मी तिथंच थबकले होते. पाय घासायच्या वस्तूवर कुणीतरी इतकी मेहनत घेतली होती! माझी साधी आहे, पण हातात चांगली बसते. आठवड्यातून दोनदा, ओल्या टाचेवर, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. रोज घासलं तर कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते, हे मी स्वतः अनुभवलंय. भेगेच्या आत वज्री घालायची नाही, कडेवरूनच.

लिंबू आणि खाण्याचा सोडा मिळून टाचा गोऱ्या होतात असं मोबाइलवर खूप बायका सांगतात. मी एकदाच केलं. भेगांमध्ये आग आग झाली, दुसऱ्या दिवशी टाच जास्तच पांढरी आणि खरखरीत. लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डागही पडतात. लिंबाचं सरबत करून प्या, पायाला लावू नका. मुलतानी माती पावलावर आणि घोट्यावर लावली तर उन्हानं करपलेल्या कातडीला छान थंड वाटतं, पण टाचेला नको, ती पाणी शोषून घेते.

मेंदीबद्दल माझं मत चांगलं आहे. आमच्या गावाकडं चैत्रात बायका तळव्यांना मेंदी थापायच्या, नक्षी काढायची नाही, सगळा तळवा भरून. मी दारातल्या झाडाचा ताजा पाला पाट्यावर वाटला, रात्री लावला. तळपायाची जळजळ दोन दिवस कमी होती आणि ड्युटीवर लाल पाय बघून एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "लग्न हाय का घरात?" बाजारातली काळी मेंदी मात्र नको. तिच्यात रंगाचं रसायन असतं आणि त्यानं फोड येतात, माझ्या भाचीच्या हाताला आले होते.

आता काशाची वाटी. हिच्यावर जरा थांबून लिहायचंय.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांच्या माहेरची काशाची वाटी घरात होतीच, त्यामुळं खर्च शून्य. बाजारात घ्यायला गेलात तर वजनाप्रमाणे चारपाचशे तरी लागतील. आणि घेताना वाजवून बघा, काशाचा नाद लांब राहतो, पितळ लगेच थांबतं. तळव्याला चमचाभर घरचं तूप लावायचं आणि वाटीच्या बुडानं गोल गोल घासायचं, एका पायाला दहा मिनिटं. हळूहळू तूप करडं होतं, मग काळं. आत्या म्हणतात, "बघ, अंगातली उष्णता निघाली." मी एकदा फरशीवर तूप लावून वाटी घासून बघितली, तिथंही काळं झालं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, घासल्यावर धातूच उतरतो तो. आत्यांना मी हे सांगितलं, त्या म्हणाल्या, "असू दे, झोप तर लागते ना?" ते मात्र शंभर टक्के खरं आहे. पोटऱ्या सैल होतात, तळव्याची आग शमते, दुसरा पाय संपायच्या आत डोळे मिटतात. दहा तास उभं राहिलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. काळं तूप नंतर नीट पुसून घ्यायचं आणि फुटलेल्या टाचेवर वाटी फिरवायची नाही.

माझे पाय बरे झाले तसं एका रविवारी मी आत्यांचे पाय घ्यायला बसले. त्या नको नको म्हणत होत्या, सुनेनं पायाला हात लावायचा म्हणून संकोचल्या होत्या. त्यांना १४ वर्षं साखर आहे. उजवा पाय मांडीवर घेतला, तूप लावायला तळवा वर केला, तर अंगठ्याखाली तुरीच्या दाण्याएवढी जखम. कडा पांढऱ्या, आत लाल. चपल उलटी करून बघितली, एक खिळा वर आला होता. किती दिवस तो टोचत होता कुणास ठाऊक. आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. "अगं, कळलंच नाही बघ मला," एवढंच म्हणाल्या.

वाटी बाजूला ठेवली आणि त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. जखम धुतली, औषध दिलं, पट्टी केली. तीन आठवड्यांत भरली. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळं पायाच्या नसा बधिर होतात, टोचलेलं आणि भाजलेलं कळत नाही, म्हणून रोज तळवे बघायचे. आता रोज रात्री जेवणं झाली की मी त्यांचे दोन्ही तळवे उजेडात बघते. आत्यांसाठी नियम वेगळे केलेत. पाय भिजवायचे नाहीत, फक्त धुवायचे. पाणी मी कोपरानं बघते, त्यांना विचारत नाही. वज्री नाही. भिरंडेल फक्त टाचेला, बोटांच्या बेचक्यात अजिबात नाही, तिथं ओल राहिली तर चिखल्या होतात. बेचके कोरड्या सुती फडक्यानं पुसून घ्यायचे. ज्यांच्या घरी साखरेचं माणूस आहे त्यांनी माझ्या लेखातलं बाकी काही केलं नाही तरी चालेल, एवढं मात्र करा.

पैशांचं सांगायचं तर भिरंडेल १८०, वज्री ३२०, मीठ, तूप आणि मेंदी घरातली. पाचशेत सगळा उन्हाळा निघाला आणि रजा एकही गेली नाही. एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर भिरंडेल घ्या. वज्री नसली तरी जाड खरखरीत टॉवेलनं भागतं.

दुसरा गोळा आता सुपारीएवढा उरलाय. आत्यांनी त्यांच्या शेजारणीसाठीही सांगितलंय, म्हणून काल कुडाळला फोन केला. मैत्रिणीनं यंदाच्या बिया अंगणात वाळत घातल्यात, पाऊस धरायच्या आत तेल काढणार म्हणाली. चार गोळे सांगितलेत.