रात्रीचा फोन की सिव्हिलची ओपीडी?

साताऱ्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराच्या हातात मेसचे पैसे भरल्यावर फारसं उरत नाही. त्यात परीक्षा जवळ आली की छातीत धडधड, झोप उडालेली, घास उतरत नाही. खासगी समुपदेशन परवडत नसेल तर मला दोन पर्याय दिसतात: टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, नाहीतर सरकारी रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी.

टेलि-मानस केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलं. चोवीस तास, मोफत, मराठीतही. त्याचं मोल कळतं रात्री दोनला. रूममेट झोपलेले, घरी सांगावं तर आई घाबरणार. अशा वेळी कुणीतरी शांतपणे ऐकून घेतं, तेवढ्यानंही जीव थाऱ्यावर येतो. बोलायला गच्चीवर जा, खोलीत मोकळं बोलता येत नाही.

ओपीडीत मात्र सकाळ जाते, लेक्चर बुडतं, ओळखीचं कोणी बघेल ही धास्ती वेगळीच. तरीही त्रास आठवडेच्या आठवडे चालला असेल तर मी तिकडेच पाठवेन. थायरॉइडचं हार्मोन वाढल्यावरही अशीच धडधड होते, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. चिंतेवर नेहमी देतात त्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या मध्येच सोडू नयेत. मित्राच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी तर अजिबात घेऊ नये.

जगणंच नकोसं वाटत असेल तर ओपीडी उघडायची वाट बघू नका. रूममेटला उठवा आणि लगेच १४४१६ लावा.