दहापटीचं घडीचं भिंग: वाड्यातल्या भुशासाठी पुरेसं, पण छापील आकडा पारखून घ्या

तुळईखाली किंवा तळखड्यापाशी भुसा पडलेला दिसला की बहुतेक जण 'वाळवी' म्हणून मोकळे होतात. तो नेमका कोणाचा, हे बघायला दहापटीचं भिंग पुरतं. तीन काचा जोडलेलं, 18 ते 21 मिलिमीटर व्यासाचं घ्या. एकेरी काचेच्या स्वस्त भिंगात कडेला रंगीत किनार येते आणि कणांचे कंगोरे बुजतात.

फसगत होते ती आकड्यात. '30 पट' छापलेली बरीच भिंगं दहापटीच्या आसपासचीच असतात. दुकानातच तपासा. 250 ला पटीने भागलं की किती मिलिमीटरवर स्पष्ट दिसायला हवं ते कळतं: दहापटीला 25, तीसपटीला जेमतेम 8.

भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि भुसा वर आणायचा; उलटं करणारे 'काही दिसत नाही' म्हणतात. भुसा झाडूने गोळा करू नका, चुना-माती मिसळते. मऊ ब्रशने काळ्या कागदावर घ्या आणि टॉर्च बाजूने मारा. भिंगातला एलईडी समोरून पडतो, त्यात सगळं सपाट दिसतं. या जादा सोयीचे पैसे वायाच.

चिमटीत टाल्कम पावडरसारखा मऊ लागला आणि भोकं 1-2 मिलिमीटरची असली, तर लिक्टस भुंगा. तो रुंदपर्णी लाकडाचा बाहेरचा फिकट, पिष्टमय थरच खातो, सागाचा गाभा नाही. त्यामुळे शंभर वर्षांच्या खांबाखाली ताजं पीठ दिसलं, तर आधी नव्याने ठोकलेली पट्टी तपासा. बांबूतून पीठ पडत असेल तर बहुधा डायनोडेरस, म्हणजे बांबू पोखरणारा भुंगा. खसखशीएवढे, सहा कडांचे सुटे दाणे मात्र भुंग्याचे नव्हेतच. ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिचा मातीशी संबंध नसतो, म्हणून पायाशी भोकं पाडून औषध भरणं फुकट जातं. केवळ ही एक चूक टळली तरी भिंगाची किंमत वसूल.

भिंगासोबत कधीकधी कीड ओळखायचा युरोपातला तक्ता येतो. त्यातला डेथवॉच भुंगा, भाकरीसारख्या चपट्या गोळ्यांचा, ओकच्या तुळयांतला आहे. सागवानी वाड्यात त्याला शोधत बसू नये.

कीड जिवंत आहे का, हे भिंग सांगत नाही. वर कोणी चाललं तरी जुना भुसा पुन्हा गळतो. त्यासाठी भोकांवर पातळ टिश्यू कागद मिथाइल सेल्युलोजने (पाण्यात कालवायचा सौम्य गोंद) चिकटवा, तारीख लिहा आणि पावसाळा संपेपर्यंत ठेवा. कागदाला नवं भोक पडलं तर आत कीड आहे.

यूएसबी सूक्ष्मदर्शक फोटोपुरता ठीक. शिडीवर एका हाताने तो स्थिर राहत नाही.