ई-बर्ड ॲप: ऑक्टोबरच्या किनाऱ्यावर कसं वापरावं

पाऊस सरला की कोकण किनाऱ्यावर उत्तरेकडचे चिखलपक्षी उतरू लागतात. अक्षी असो की उरण, अशा ठिकाणच्या पक्ष्यांच्या नोंदींसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं ई-बर्ड मोबाइल हे आजचं सर्वांत चांगलं साधन आहे. फुकट आहे, रेंज नसली तरी चालतं, आणि पक्ष्यांची नावं मराठीत ठेवायचीही सोय आहे. शिवाय तुमची यादी तुमच्या फोनपुरती राहत नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर 2023 साली जो अहवाल आला, तो अशाच नोंदींवर उभा होता. म्हणूनच नोंद नीट व्हायला हवी. रानातल्या पायवाटेवर हे ॲप जसं चालवतो तसंच खाडीवर चालवलं, तर मात्र यादी बिघडते.

आधी वेळ, मग ॲप. भरतीची वेळ कोळी पद्धतीनेच काढावी: तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचं. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. थोडाफार फरक पडतो, तो छापील वेळापत्रकात पाहून घ्यावा. भरतीच्या दोन तास आधी जागेवर असावं. पाणी चढतं तसे दूर चिखलात पांगलेले पक्षी पुढे ढकलले जातात आणि दुर्बिणीच्या टप्प्यात येतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर ठिपके मोजत बसाल. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत चिखल पुरता बुडत नाही, त्यामुळे थवे लांबच राहतात. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी ऊन पाठीशी असतं. दुपारनंतर तेच डोळ्यांवर येतं आणि सगळे पक्षी काळेच दिसतात.

निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर आपल्या भागाचा ऑफलाइन पॅक उतरवून घ्या. तो नसेल तर रेंज गेल्यावर ॲप त्या भागातल्या पक्ष्यांची नेमकी यादी देऊ शकत नाही. जागेवर पोचल्यावर यादी सुरू करा, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. सकाळपासून दुपारपर्यंत एकच ‘ट्रॅव्हलिंग’ (चालत केलेली) यादी चालू राहते. तिच्यात सुरूचं बन, वाळू, खाडीचा चिखल आणि वाटेतली भातखाचरं एकत्र येतात, मग कोणता पक्षी कुठला हे नंतर कळत नाही. खाडीसाठी वेगळी, पुळणीसाठी वेगळी अशा तासाभराच्या आतल्या छोट्या याद्या कराव्यात. एका जागी उभं राहून मोजत असाल तर ‘स्टेशनरी’ निवडा आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद, बंद ठेवा. चालू ठेवलात तर जीपीएस जागच्या जागी सरकत राहतं आणि न चाललेलं अंतर यादीत चढतं. यादी बंद करायची राहून गेली आणि परतीचा प्रवासही तिच्यात आला, तर पाठवण्याआधी वेळ आणि अंतर हाताने दुरुस्त करा.

संख्या टाकायची सोय झकास आहे. शोधपट्टीत आकडा आणि इंग्रजी नावाची अक्षरं लिहिली की पक्षी समोर येतो. मात्र ब्राऊन-हेडेड आणि ब्लॅक-हेडेड गल या दोन्ही कुरवांची आद्याक्षरं सारखीच, आणि घाईत बोट भलत्यावर पडतं. ऑक्टोबरमध्ये दोघांच्याही डोक्याचा गडद रंग गेलेला असतो, त्यामुळे पंख पाहावा. ब्राऊन-हेडेडच्या काळ्या पंखटोकात पांढरे ठिपके असतात. ब्लॅक-हेडेडच्या पंखाची पुढची कड बाहेरच्या बाजूला पांढरी असते.

सँड-प्लोव्हर या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या छोट्या चिखलपक्ष्यांच्या बाबतीत तर घाई नकोच. त्यांतल्या ग्रेटर जातीची चोच लांब आणि दणकट, पाय लांब, उडताना शेपटीच्या मागे डोकावणारे. पण मिसळलेल्या थव्यात, उन्हाच्या झळांमध्ये, प्रत्येकाची चोच दिसत नाही. त्यासाठी ॲपमध्ये दोन-तीन जातींचा एकत्र पर्याय आहे, तो बिनदिक्कत वापरा. नुसतं ‘शोअरबर्ड’ असंही नोंदवता येतं. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा मोघम पण खरी नोंद कितीतरी मोलाची. आकड्याऐवजी एक्स टाकण्याची सवय मात्र सोडावी, त्यातून पक्षी होता एवढंच कळतं. थव्यात दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा. असा अंदाज एक्सपेक्षा केव्हाही बरा.

दुर्मीळ पक्षी किंवा नेहमीपेक्षा मोठा आकडा टाकला की ॲप तपशील मागतं. तिथे ‘स्पष्ट दिसला’ एवढं लिहून भागत नाही. चोच, पाय, पंखावरची पट्टी, अंतर आणि प्रकाश लिहा. तपासणारे स्वयंसेवक असतात, त्यांना तुमच्या शब्दांवरच ठरवायचं असतं. शेवटी यादी पूर्ण आहे का हा प्रश्न येतो. ओळखता आलेले सगळे पक्षी, कावळे-घारींसकट, नोंदवले असतील तरच ‘हो’ म्हणा. फक्त चिखलपक्षी मोजले असतील तर उत्तर ‘नाही’.

उणिवा आहेत. ट्रॅक बॅटरी खातो, तेव्हा पॉवर बँक हवीच. कडक उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि दुर्बीण-फोन-दुर्बीण या खेळात थवा उडून जातो. दोघांनी जावं: एकाने मोजावं, दुसऱ्याने टिपावं, मग यादी दोघांच्या खात्यावर वाटून घेता येते. खेकडे, शंख-शिंपले, समुद्रफुलं यांना इथे जागा नाही. त्यांच्यासाठी सगळ्या सजीवांच्या नोंदींचं आयनॅचरलिस्ट ॲप आहे, पण फोटो काढताना फोनचं लोकेशन चालू हवं. जागा किंवा तारीख नसलेली नोंद तिथे ‘कॅज्युअल’, म्हणजे कच्चीच राहते.

आवाजावरून पक्षी ओळखण्यासाठी ई-बर्डवाल्याच प्रयोगशाळेचं मर्लिन ॲप आहे. पुळणीवर वारा आणि लाटांपुढे ते फारसं चालत नाही, खाडीच्या आडोशाला रेडशँक या चिखलपक्ष्याची शीळ मात्र बरी टिपतं. त्याने सुचवलेलं नाव पक्षी पाहिल्याशिवाय किंवा आवाज स्वतः ओळखल्याशिवाय यादीत घालू नका.

समुद्री गरुडाचं घरटं दिसलं तर टिप्पणीत झाडाची खूण लिहू नका. यादी सगळ्यांना दिसते. नकाशावर स्वतःची पिन न टाकता तिथला सार्वजनिक हॉटस्पॉट, म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेली जागा, निवडा.