पाणी शिकायचे तर भूशास्त्रही हवे आणि अर्थशास्त्रही

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या, पण पाण्याच्या प्रश्नात मनापासून रस असलेल्या विद्यार्थ्याचे समाधान एकाच विषयाच्या पदवीने होत नाही. काळ्या बसाल्टच्या कातळात भूजल कुठे मुरते आणि कुठे अडते, हे भूशास्त्र सांगते. मात्र तेच पाणी उसाला का जाते आणि शेजारच्या ज्वारीला का मिळत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रात आणि समाजशास्त्रात शोधावे लागते. असा विद्यार्थी आणि बेताच्या उत्पन्नाचे घर समोर ठेवून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, पुण्यातच पाषाणला असलेली आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ हे तीन पर्याय येथे तपासले आहेत.

१८८५ साली स्थापन झालेल्या फर्ग्युसनमध्ये भूशास्त्र आणि अर्थशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो आणि खुला वैकल्पिक विषय तर मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. कागदावर ही सोय उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र तिची किंमत वेळापत्रकावर ठरते. भूशास्त्राचे प्रात्यक्षिक आणि अर्थशास्त्राचा तास एकाच वेळी आला, तर प्रात्यक्षिक सोडता येत नाही आणि विद्यार्थी जमेल तो विषय निवडून मोकळा होतो. म्हणून कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपुस्तिकेपेक्षा दुसऱ्या वर्षाचे चालू वेळापत्रक मागून पाहावे आणि वरच्या वर्गातील मुलांनी प्रत्यक्षात कोणते दुय्यम विषय घेतले आहेत, हे त्यांनाच विचारावे.

खर्चाच्या बाबतीत मला हा पर्याय सर्वांत भरवशाचा वाटतो, परंतु निवडलेली तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी स्पष्ट करून घ्यावे, कारण एकाच महाविद्यालयात या दोन्हींच्या शुल्कात मोठी तफावत असते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरले जातात. यांपैकी शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा. बाहेरगावच्या मुलांच्या बाबतीत शुल्कापेक्षा खोली आणि खानावळ यांचाच बोजा जास्त पडतो, हे विसरू नये.

२००६ साली सुरू झालेल्या आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र देणारा) अभ्यासक्रम वेगळ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय आहे. सुरुवातीला सर्व मूलभूत विज्ञाने शिकून मग आपला कल ठरवता येतो आणि पृथ्वी व हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभागही तेथे आहे. मात्र ही रुंदी विज्ञानाच्या आतली आहे. सामाजिक शास्त्रांना तेथे दुय्यम स्थान आहे. प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ असे एकूण ६० प्रश्न असतात. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंतची असली, तरी ती सर्वांना मिळत नसल्यामुळे ती धरून घरखर्चाचा हिशेब मांडू नये. संशोधनातच जायचे हे ज्याचे पक्के आहे, त्याने हीच वाट धरावी.

अझीम प्रेमजी विद्यापीठाचे जाहीर शुल्क पाहून अनेक पालक पुढचे वाचतच नाहीत, याचे मला वाईट वाटते. तेथे कुटुंबाचे उत्पन्न पाहून शिक्षणशुल्कात आणि निवासखर्चातही सवलत मिळते, काहींना दोन्ही पूर्ण माफ होतात. भूशास्त्राची स्वतंत्र पदवी तेथे नाही, पण पर्यावरणाचा आणि अर्थशास्त्राचा अभ्यास एकमेकांना धरून होतो, त्यामुळे समाजाच्या बाजूने पाण्याकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे विद्यापीठ तिन्हींत सरस ठरते. सर्व शिक्षण इंग्रजीतून असल्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांना पहिले वर्ष जड जाऊ शकते. लवळ्याचे फ्लेम विद्यापीठही विषयांचे असे स्वातंत्र्य देते, परंतु मोठ्या शिष्यवृत्तीशिवाय तेथील खर्च या घराच्या आवाक्यात बसणार नाही.

आयसर आणि अझीम प्रेमजी यांच्या प्रवेशपरीक्षा वेगवेगळ्या असून त्यांचे अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता भरावे लागतात. दोन्हींकडे अर्ज करावा, फर्ग्युसनमध्येही प्रवेश निश्चित करावा आणि बंगळुरूच्या आर्थिक सवलतीचे लेखी पत्र हाती पडेपर्यंत तो रद्द करू नये.