जळगावात भाड्याचं घर कुठे घ्यावं: महाबळला तिन्ही ऋतू काढल्यानंतर

नोकरीसाठी जळगावला येणारे पहिला प्रश्न विचारतात, "चांगला एरिया कोणता?" आम्हीही तोच विचारला होता आणि सांगणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचीच कॉलनी सांगितली. आता दसऱ्यापासून आषाढापर्यंत इथे महाबळ कॉलनीच्या भागात राहून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. आधी तुमची नोकरी महामार्गाच्या कुठल्या अंगाला आहे ते बघा, मग टाकी बघा, मग गच्ची बघा. फरशी, रंग, मॉड्युलर किचन हे सगळं त्यानंतर.

आमची अडचण अशी होती की दोघांची तोंडं दोन दिशांना. माझं काम एमआयडीसीत, पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. नवरा बांभोरीकडे कॉलेजात शिकवतो, म्हणजे गिरणा ओलांडून पलीकडे. मधे अख्खं शहर. आणि या शहराच्या पोटातून सुरत-नागपूर महामार्ग जातो. कागदावर तो आता ५३ क्रमांकाचा आहे, पण जुनी माणसं अजून सहा नंबरच म्हणतात. खोटे नगर, शिव कॉलनी, प्रभात चौक, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली हे सगळं याच एका रस्त्यावर. कंटेनर, केळीचे ट्रक, शाळेच्या रिक्षा आणि स्कूटीवरच्या बायका, सगळे एकत्र. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं का केली, हे इथे सकाळी साडेनऊला एकदा उभं राहिलं की कळतं. शिव कॉलनीजवळ हा रस्ता रेल्वेवरून जातो, तिथे पुलावर एखादी गाडी बंद पडली की रांग लागलीच समजा.

दुसरी आडवी रेघ रेल्वेची. मुंबईची लाइन शहरातून निघून शिरसोलीकडे वळते, सुरतची पाळधीकडे. त्यामुळे पिंप्राळा, भोईटे नगर या बाजूला राहून गावात यायचं तर पूल किंवा बोगदा आलाच, आणि जोरदार पावसात बजरंग बोगद्यात पाणी साचतं. घर कामापासून किती किलोमीटर, हे मला सांगू नका. मधे हायवे येतो का आणि लाइन येते का, एवढं सांगा.

या हिशोबाने आम्ही महाबळच्या मागे, मोहाडी रोडच्या बाजूला एक रो हाऊस घेतलं. पुण्यात जेवढ्या भाड्यात वन बीएचके मिळत होता तेवढ्यात इथे खाली दोन खोल्या, वर दोन आणि गच्ची. मला मेहरूण आणि रामेश्वर कॉलनीच्या आतल्या रस्त्यांनी एमआयडीसी गाठता येते, हायवेला फारसं अंग लागत नाही. नवऱ्याला मात्र तो टाळता येत नाही. सुरुवातीला तो दुचाकीने जायचा आणि तो पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कामात लक्ष लागायचं नाही. हिवाळ्यातल्या एका धुक्याच्या सकाळनंतर मी हट्टच धरला. आता तो बसने जातो. वेळ जास्त लागतो, पण मला ते चालतं. ज्या घरात दोघंही बांभोरीकडे किंवा विद्यापीठात नोकरीला आहेत त्यांनी महाबळच्या नादी लागूच नये. खोटे नगर, निमखेडी, दादावाडी हीच त्यांची बाजू. विद्यापीठ बऱ्याच वर्षांपासून तिकडे आहे, त्यामुळे त्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची आणि मेसची सवय लोकांना आहे.

सोबत म्हातारे आई-वडील असतील तर रिंग रोड, गणेश कॉलनी, जिल्हा पेठ. दवाखाने, औषधांची दुकानं, स्टेशन, बसस्थानक सगळं जवळ. भाडं जास्त आणि गाडी लावायला जागा कमी, पण रात्री-अपरात्री डॉक्टर गाठायचा असेल तर तो पैसा वसूल आहे. जुन्या जळगावात बाहेरून आलेला भाडेकरू फारसा दिसत नाही. तिथे कार्तिकी एकादशीला रामाचा रथ बघायला जावं, तेवढं नक्की.

आता पाणी. शहराला पाणी वाघूर धरणातून येतं आणि नळ रोज येत नाही. यात तक्रारीचा सूर नाही, इथली प्रत्येक बाई त्याप्रमाणे आठवडा आखते. घर बघायला गेलो तेव्हा शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं होतं, "घर पाह्यलं, पन टाकी पाह्यली का, ताई?" मला इथे मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच. जमिनीतली टाकी किती लिटरची, गच्चीवरची किती, बोअर आहे का आणि तो मार्चनंतर चालतो का, हे मालकाला विचाराच, पण शेजाऱ्यालाही विचारा. गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी कमी दाबाने येतं, कारण मधले काही जण नळाला मोटर लावतात. आमचं घर गल्लीच्या मधोमध आहे म्हणून निभावलं.

उन्हाळ्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घर निवडण्याचा खरा निकष तोच आहे. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जाणं ही बातमी नसते. पुण्याच्या माणसाला वाटतं, एसी लावू. पण खरा त्रास दुपारी नाही, रात्री होतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावरची आमची पश्चिमेची खोली एप्रिलच्या मध्यापासून वापरातूनच गेली, भिंतीला हात लावला तरी कढत लागायची. फ्लॅट घेणार असाल तर सगळ्यात वरचा मजला नको, आणि झोपायची खोली पश्चिमेला नको. भाडं कमी असलं तरी नको.

हवा कोरडी असल्यामुळे कूलर फार छान चालतो. वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर खिडकीबाहेर बसवला आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली की खोली खरंच गार होते. इथे नवीन माणूस चुकून दारं-खिडक्या घट्ट लावतो, मग दमट होतं आणि कूलरला नावं ठेवतो. पण कूलर दिवसभर पाणी पितो, आणि नेमका तेव्हाच नळ लांबलेला असतो. म्हणून टाकीचं इतकं सांगितलं. गच्चीवर आम्ही शेजाऱ्यांचं बघून मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारले. खालच्या खोलीत फरक जाणवला, वरच्या खोलीत थोडाच.

आणि गच्ची. संध्याकाळी तिच्यावर पाणी मारायचं, आठनंतर खाटा आणि मच्छरदाण्या वर न्यायच्या. आमच्या गल्लीत निम्मी घरं मे महिन्यात वर झोपतात. मुलं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर बोलत राहतात. मला शेजाऱ्यांची खरी ओळख तिथेच झाली. पावसाच्या आधी वादळी वारं सुटतं, केळीच्या बागा आडव्या करणारं, तेव्हा वीज जाते आणि लवकर येत नाही. त्या रात्री बंद फ्लॅटमध्ये काढाव्या लागल्या असत्या तर मी बहुतेक परतीचा विचार केला असता. रो हाऊस घ्या असं मी सगळ्यांना सांगते ते एवढ्यासाठीच.

पावसाचं थोडक्यात. शहराच्या कडेने झालेल्या नव्या कॉलन्या शेतजमिनीचे प्लॉट पाडून झाल्या आहेत. पत्ताही गट नंबर, प्लॉट नंबर असाच असतो. खाली काळी माती. घर नवं, भाडं कमी, समोर मोकळी हवा, पण रस्ता डांबरी नसेल तर जूनच्या दुसऱ्या पावसात स्कूटीचं चाक मडगार्डपर्यंत भरतं. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून कुंपणाच्या भिंतींना तडे जातात. माझी एक सहकारी सावखेडा रस्त्याच्या बाजूला अशा घरात आहे. ती कारखान्यात पोचल्यावर आधी चपला धुते. तिचं घर सुंदर आहे, तरी पक्का रस्ता झाल्याशिवाय मी तिकडे जाणार नाही.

भुसावळचा पर्यायही खरा आहे. तिथून रेल्वेने अप-डाऊन करणारे आमच्याकडे बरेच आहेत. अंतर पंचवीसेक किलोमीटर, गाड्या भरपूर, महिन्याचा पास काढला की खर्च नगण्य. नवरा-बायकोपैकी एक रेल्वेत असेल तर तेच बरोबर. पण एमआयडीसी जळगाव स्टेशनपासून लांब आहे, तिथून पुढे रिक्षा लागते, आणि भुसावळचं ऊन आमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

महाबळने आम्हाला काय दिलं, तेही सांगते. संध्याकाळी काव्यरत्नावली चौकातली वर्दळ, भाऊंच्या उद्यानात मुलीचं खेळणं, सकाळी मेहरूण तलावाला फेरी. थंडीत तलावाच्या वाटेवर मेहरूणची बोरं मिळाली, इतकी गोड बोरं मी आधी खाल्ली नव्हती. शेजारच्या आजींनी हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली, तेव्हापासून आमच्याकडेही थंडीभर तेच सुरू होतं. जेवणाच्या बाबतीत कुठलीही कॉलनी घ्या, फरक पडत नाही. शेवभाजी सगळीकडे तितकीच झणझणीत.

करार अकरा महिन्यांचा आहे आणि आम्ही तो वाढवतोय. मालकांना दोनच गोष्टी मागितल्या: गच्चीवर आणखी एक टाकी आणि पश्चिमेच्या खिडकीवर पत्र्याचं छप्पर. टाकीचा निम्मा खर्च ते देणार आहेत, छप्पर आम्ही आमच्या पैशाने दिवाळीनंतर करून घेऊ.